पहाटेचा गळ आणि शिवनेचा डोह

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की कन्नडच्या आमच्या वस्तीत पहाटे चार वाजताच कुत्री भुंकू लागतात. चोर आलेला नसतो. हातात वेळूची काठी, खिशात काडेपेटीत ठेवलेले गळ आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीसकट गांडुळे घेऊन चार-दोन पोरे शिवना नदीच्या वाटेला लागलेली असतात. घराघरांतून आयांचे आवाज येतात, "अरे, चहा तरी घेऊन जा!" पण चहाला थांबायला वेळ कुणाला असतो? दिवस उगवायच्या आत डोह गाठायचा असतो.

आम्हीही कधीकाळी त्याच पोरांपैकी एक होतो. आज कचेरीत फायली सांभाळतो, रविवारी समाजाच्या कामाला वेळ देतो, चाळिशी उलटून गेली आहे. तरी मे महिन्यात पहाटे जाग आली की हात आपोआप कोपऱ्यातल्या काठीकडे जातो. या पहाटेने आम्हाला पुष्कळ काही दिले आणि एक मोठी गोष्ट हिरावूनही नेली. दोन्ही गोष्टी वाचकांना सांगाव्यात म्हणून हा लेख.

आमची शिवना

शिवना ही काही गंगा-गोदावरीसारखी मोठी नदी नाही. कन्नड तालुक्यातल्या सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत ती उगम पावते, आमच्या गावाला वळसा घालून वैजापूर-गंगापूरच्या बाजूला उतरते आणि शेवटी गोदावरीला, म्हणजे नाथसागराच्या पाण्याला जाऊन मिळते. पावसाळ्यात ती अशी फुगते की पुलावर उभे राहायची भीती वाटावी. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, ते दिवस कुणी विसरलेले नाही. पण होळी झाली की हीच नदी आटू लागते. चैत्र-वैशाखात धार तुटते. नदीचे तुकडे पडतात आणि उरतात ते फक्त डोह.

उन्हाळ्यातल्या मासेमारीचे खरे मर्म या डोहांतच आहे. सगळी नदी आटली की मासा डोहात गोळा होतो. पावसाळ्यात मैलभर पांगलेला मासा मे महिन्यात एका घराएवढ्या पाण्यात सापडतो. म्हणून गरिबाच्या पोराला गळ टाकायला हाच काळ सोयीचा. शाळेला सुटी, शेतात काम नाही आणि घरात कालवणाला डाळीशिवाय काही नाही!

आमचे वडील बाजारात हमाली करीत. आठवड्यात एखादा दिवस अंग दुखायचे थांबले तर ते आम्हाला घेऊन नदीवर जात. जाताना सांगत, "तुझ्या आज्याला ह्या वरच्या डोहावर पाय ठेवता येत नव्हता. आपला पाणवठा खालच्या अंगाला. वर गुरं धुतलेलं पाणी खाली यायचं, तेच आपण प्यायचं." १९२७ साली २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आम्ही पुस्तकात नंतर वाचले. त्याचा अर्थ मात्र आम्हाला आधी वरच्या डोहाच्या काठावर बसून कळला होता. ज्या पाण्याला आजोबांना शिवता येत नव्हते, त्यात आम्ही बिनधास्त गळ टाकून बसत होतो.

पहाटच का?

पुष्कळ वाचक विचारतील की मासे धरायला पहाटच कशाला हवी? त्याचे कारण साधे आहे. माशाचे रक्त आपल्यासारखे नेहमी एकाच उष्णतेचे राहत नाही. पाणी तापले की मासा तापतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. दहा वाजल्यानंतर वरचे पाणी कोमट होते आणि मासा खाली, कपारीत, झाडाच्या मुळांच्या सावलीत जाऊन बसतो. मग तो आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. रात्रभर पाणी निवते, तेव्हा पहाटे तो चरायला काठाशी येतो.

दुसरे कारण प्राणवायूचे. पाण्यातले शेवाळ आणि वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्या स्वतःच प्राणवायू घेतात. म्हणून साचलेल्या पाण्यात सूर्योदयाच्या आधी प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते त्यामुळे. मरळ माशाची तऱ्हा तर निराळीच. त्याला पाण्यातल्या प्राणवायूवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने तो वर येऊन हवा घेतो, आणि पाण्यावर हलकासा 'बुळुक' आवाज होतो. वडील तो आवाज ऐकून अंधारातसुद्धा बोट दाखवीत, "तिथं हाय बघ!"

मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे साडेचारला घर सोडायचे, पाचला डोहावर पोहोचायचे आणि आठ-साडेआठला काठी गुंडाळायची. त्यानंतर बसणे म्हणजे नुसते ऊन खाणे!

सामान तर किती थोडे! एक वेळूची काठी, दहा-पंधरा हात तंगूस, एक गळ, दोरा खाली ओढायला शिशाचा तुकडा आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचे पेर. ते पेर डुबकन खाली गेले की समजायचे, मासा लागला. आमिष माशामाशाप्रमाणे बदलते. वाम आणि मांगूर गांडुळाला येतात. रोहूला कणकेचा गोळा आवडतो. मरळ शिकारी, त्याला बारीक जिवंत मासा लागतो. आणि चिलापी? तिला काहीही चालते, भाकरीचा तुकडासुद्धा.

ही चिलापी आपली नव्हे, बरे का! मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज गावोगावच्या तळ्यांत पसरली आहे. रोहू, कटला, मृगळ हेही मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. हे मासे बांधलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यबीज तयार करणे सोपे झाले आणि मराठवाड्यातल्या धरणांत, तलावांत ते सोडता येऊ लागले. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्या ताटातल्या रोहूच्या तुकड्यामागे एवढी मोठी विद्या आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

जो परत आला नाही

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना अजूनही हात जड होतो.

आम्ही सातवीची परीक्षा दिली होती. मे महिन्याचे दिवस. वडिलांना कामावर जायचे होते म्हणून ते आले नाहीत. आम्ही चौघे मित्रच पहाटे निघालो. नेहमीच्या डोहात मासा लागेना, म्हणून पोरांनी थोडे खाली जायचे ठरवले. तिथे वाळू भरून नेण्यासाठी नदीचे पात्र खोदलेले होते. वरून पाहिले तर गुडघाभर पाणी दिसत होते. आमच्यातल्या एकाचा गळ खडकात अडकला. तंगूस नवा होता, आठवडाभर पैसे साठवून घेतलेला. तो सोडवायला तो पाण्यात उतरला. दोन पावले गुडघाभर पाणी, तिसऱ्या पावलाला जमीनच नव्हती.

तो एकदा वर आला, हात हलवला. आम्हाला वाटले गंमत करतो आहे. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा कळले. आम्ही धावलो आणि काहीएक विचार न करता पाण्यात शिरलो. खड्ड्याच्या काठची वाळू पायाखालून सरकली आणि आम्हीही आत गेलो. नाकातोंडात पाणी गेले. पुढचे एवढेच आठवते, की डोळ्यांसमोर एक लांब काठी आली आणि आम्ही ती धरली. पलीकडच्या काठावर खेकडे धरणारे एक भिल्ल समाजाचे म्हातारबाबा होते. ते पाण्यात उतरले नाहीत. काठावर पालथे पडून त्यांनी काठी पुढे केली आणि आम्हाला ओढून काढले. मित्रासाठी त्यांनी पुन्हा पुन्हा काठी फिरवली. पण तो वर आलाच नाही. तासाभराने गावातल्या भोई मंडळींनी त्याला बाहेर काढले.

आपल्या मित्राच्या आईने त्या दिवशी काय केले, ते आम्ही लिहिणार नाही. वाचकांनी आपल्या लेकरांकडे पाहावे आणि समजून घ्यावे.

वडिलांनी आमची काठी मोडली नाही की आम्हाला मारलेही नाही. पंधरा दिवस ते काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर घेऊन गेले, पाठीला रिकामा डबा बांधला आणि म्हणाले, "उतर. नदीला घाबरून जगता येत न्हाई. तिला वळखून जगावं लागतं." त्या उन्हाळ्यात आम्ही पोहायला शिकलो. तोच उन्हाळा महिनाभर आधी आला असता तर? हा प्रश्न आम्ही आजवर स्वतःला विचारीत आलो आहोत.

बुडणे ही काही फक्त आमच्या गावची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे. ज्यांच्या घराजवळ पोहण्याचा तलाव नाही, शिकवणारा कुणी नाही, आई-बाप दोघेही कामावर गेलेले असतात, अशांचीच लेकरे उघड्या पाण्याला जास्त जातात. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

शील आणि गळ

आमच्या एका नातेवाइकाने एकदा भर बैठकीत विचारले, "तुम्ही विहारात पंचशील घेता, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहीन म्हणता, आणि रविवारी गळ टाकता. हे कसे?" प्रश्न खरा होता. त्यावर हसून वेळ मारून नेणे आम्हाला बरे वाटले नाही.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. ज्याला हा भेद पटत नाही, त्याने गळ टाकू नये. त्याचा आम्ही आदर करतो. आमच्या घरी आमच्या आईने शेवटपर्यंत मासा खाल्ला नाही आणि आम्हाला कधी अडवलेही नाही. आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे. घरच्या ताटाला लागेल तेवढेच आणायचे. बोटाएवढा मासा लागला तर ओल्या हाताने गळ काढून त्याला पाण्यात सोडायचे. गंमत म्हणून, पैज म्हणून, मोबाइलवर फोटो दाखवायचा म्हणून एकही जीव काढायचा नाही.

या कसोटीवर पाहिले तर आज नदीवर जे काही चालते ते मनाला फार लागते. कुणी विहिरीच्या कामाचे जिलेटिन पाण्यात उडवतो. कुणी ब्लिचिंग पावडर ओततो. कुणी विजेच्या तारेवर आकडा टाकून डोहात करंट सोडतो. एका स्फोटात पाच किलो मासा हाती येतो आणि त्याच्या दसपट पिलावळ तळाशी मरून पडते. डोहातच सगळ्या नदीचा मासा गोळा झालेला असतो हे वर सांगितलेच. एक डोह मारला की पावसाळ्यात अंडी घालायला नदीत कुणी उरतच नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. आणि करंट सोडणाऱ्याचा तर स्वतःचाच जीव जातो, मागे बायको-लेकरे उघडी पडतात.

याचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्यांचे पोटच पाण्यावर आहे त्या भोई, कहार, भिल्ल बांधवांना. आम्हाला रविवारी मासा नाही मिळाला तर डाळ-भाकरी आहे. त्यांची चूलच पेटत नाही. ज्यांनी आमचा जीव वाचवला, त्यांच्या ताटातले आम्ही विष टाकून हिरावून घ्यावे, ही कुठली माणुसकी?

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. धरणे-तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात; तिथे त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. आणि गौताळा हे १९८६ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीतले पाणी वन्य जिवांचे आहे, आपले नव्हे.

नदीवर जाणाऱ्यांसाठी

आमच्या वस्तीत आता पोरे नदीवर निघाली की आम्ही पुढील गोष्टी सांगतो. वाचकांनीही आपल्या घरी त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

एक. मुलांनी एकटे किंवा फक्त मुलामुलांनी नदीवर जाऊ नये. बरोबर पोहता येणारे एक मोठे माणूस हवेच.

दोन. गळ अडकला तर तंगूस तोडून टाकावा. तंगूस पुन्हा विकत मिळतो.

तीन. वाळू उपसलेल्या जागी पाण्यात पाय ठेवू नये. वरून उथळ दिसले तरी काठी टाकून खोली मोजावी. ओळखीचा डोहसुद्धा दर पुरानंतर नवा असतो.

चार. कुणी बुडत असेल तर पोहण्यात पटाईत नसलेल्याने पाण्यात उडी घेऊ नये. आधी आरडाओरड करावी. काठी, दोर, धोतर, साडी, ओढणी, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावे आणि स्वतः काठावर पालथे पडून ओढावे.

पाच. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये, गरगर फिरवू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. त्याला उताणे झोपवावे. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाब द्यावा. ३० वेळा दाब, २ वेळा श्वास, असे मदत येईपर्यंत थांबू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे.

सहा. मुलाबरोबर मुलीलाही पोहायला शिकवावे. आमच्या लेकीला आम्ही विहिरीत उतरवले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "पोरीच्या जातीला हे कशाला?" पाणी काही मुलगा-मुलगी पाहून बुडवीत नाही! आज ती डब्याशिवाय विहिरीला चार फेऱ्या मारते आणि वस्तीतल्या लहान पोरींना शिकवते.

चुलीवरचा रस्सा

कुटुंबाचे पान आहे, तेव्हा भगिनींसाठी दोन शब्द. मरळ फार बुळबुळीत असतो. त्याला चुलीची राख चोळली की हातातून निसटत नाही आणि खवलेही नीट निघतात. तुकडे करून हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवावेत. कांदा आणि सुके खोबरे तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून लसणाबरोबर वाटावे. तेलात वाटण परतून काळा मसाला घालावा, गरम पाणी ओतावे. उकळी आली की तुकडे सोडावेत आणि थोडा येसूर पाण्यात कालवून घालावा, म्हणजे रस्सा दाट होतो. मासा लवकर शिजतो, डावाने फार ढवळू नये. ज्वारीची गरम भाकरी कुस्करून खावे.

शंभर ग्रॅम ताज्या मासळीत साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिने असतात. काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हाडांनाही चांगली. वाढत्या लेकरांना आणि बाळंतिणीला मासळी द्यावी, असे जुन्या बायका सांगत ते उगाच नव्हे.

शेवटी

त्या मित्राची आई पुढे पुष्कळ वर्षे आमच्याच गल्लीत राहिली. उन्हाळ्यात पहाटे पोरांच्या पावलांचा आवाज आला की ती दार उघडून उंबऱ्यात उभी राहायची. रडायची नाही, पोरांना माघारीही फिरवायची नाही. एवढेच विचारायची, "बरोबर मोठं माणूस कोण हाय रे?" उत्तर मिळाल्याशिवाय ती कुणाला पुढे जाऊ देत नसे. मोठे माणूस नसले तर पोरे मुकाट्याने परत फिरत.

ती माउली आता नाही. गेल्या मे महिन्यात एका पहाटे कुत्री भुंकली, आम्ही दार उघडले. अंधारात चार पोरे काठ्या घेऊन चालली होती. तोंडातून आपोआप तोच प्रश्न गेला.

पोरे थांबली. एकमेकांकडे पाहू लागली. कुणीच मोठे बरोबर नव्हते.

आम्ही पायांत चपला घातल्या, कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघालो.